तीनदा दाबलेलं बटण

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, कुठलंही कुलूप तीनदा ओढून बघतात. घराचं कुलूप तीनदा, खळ्याच्या फाटकाचं तीनदा, शेतातल्या मोटारीच्या पेटीचं तीनदा. एकदा पाहुण्यांच्या लग्नाला निघताना त्यांनी कुलूप इतक्या इमानदारीने ओढलं की कडीच चौकटीतून निघून हातात आली. त्या दिवशी आम्ही लग्नाऐवजी सुताराकडे गेलो. चौथ्यांदा ओढलेलं मात्र त्यांना मी कधी पाहिलेलं नाही.

पिकप घेतली तेव्हा तिच्यासोबत बटणाची चाबी आली. वरचं बटण दाबलं की दारं बंद होतात आणि दिवे डोळा मारतात. नाना ते बटण तीनदा दाबत, तीनदा दिवे बघत आणि मग दाराची मूठ ओढून बघत. दुसरी चाबी मिळाली होती, ती कंपनीच्या प्लास्टिकसकट मायच्या कपाटात, स्टीलच्या डब्यात गेली. नवी वस्तू वापरली की जुनी होते, त्यामुळे न वापरता ठेवावी, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे.

आमचं गाव जळगाव-धुळे रस्त्यापासून चार किलोमीटर आत. मी जळगावात एका कचेरीत कारकून आहे. स्वभावाने जरा तापट, आणि मोबाइलवर चार व्हिडिओ बघितले की मला कुठलंही यंत्र कळतं, असा माझा पक्का समज होता. होता म्हणतो, कारण पुढचा सगळा घोळ त्या समजातून झाला.

त्याआधी मागच्या वर्षीचं सांगायला हवं. वैशाखात नाना धुळ्याच्या बाजारात गेले होते. पिकप तीन तास उन्हात बंद उभी. काम आटोपून नाना आत बसले, दार लावलं आणि तिथेच त्यांना भोवळ आली. डोकं स्टिअरिंगवर पडलं आणि हॉर्न वाजायला लागला. बाजारातल्या लोकांनी आधी हॉर्नला शिव्या घातल्या, मग कोणीतरी काचेतून डोकावून पाहिलं. दोन दिवस सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, तापलेल्या गाडीत एकदम बसायचं नाही, काचा उघडा, एसी लावा, दहा मिनिटं बाहेर सावलीत थांबा. नाना आणि दहा मिनिटं थांबणं. ज्या माणसाने चहा गार व्हायची वाट कधी पाहिली नाही, त्याला हे सांगून काय उपयोग.

यंदा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली तसा माझ्या मोठ्या बहिणीचा, अक्काचा, फोन आला. अक्का शिंदखेड्याला दिलेली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, आणि त्यांना आणायला माहेरचा पुरुष मुराळी म्हणून जातो. अक्काच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. तिच्याकडे स्वतःची स्कूटर आहे, शाळेत शिकवते, मुख्याध्यापकांना सुद्धा दमात घेते. पण बावीसही वर्षं नाना तिला आणायला गेले. आधी एसटीने, मग कोणाच्या तरी जीपने, आता पिकपने. त्यांना विचारलं तर सांगत, वर्षभर मी शेतकरी असतो, एक दिवस मी मुराळी असतो. अक्काने यंदा स्वच्छ सांगितलं की पिकप विकून टाका. नाना त्या भट्टीत बसून मला न्यायला येणार असतील तर मी आखाजीला येणारच नाही. आणि हे ती नुसतं बोलली नव्हती. अक्का बोलली की तसं करते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

नानांना हे कळलं. त्यांनी दोन दिवस निम्मीच भाकरी खाल्ली आणि पिकप धुतली. तिसऱ्या दिवशी परत धुतली. मला ते बघवेना. मी अक्काला फोन करून म्हटलं, आखाजीपर्यंत मला वेळ दे, मी सोय करतो.

सोय मी मोबाइलमध्ये पाहून ठेवली होती. बाहेरदेशी कुठेतरी बर्फ पडत असतो, माणूस घरात कॉफी पीत असतो, तिथूनच चाबीचं बटण दाबतो आणि अंगणातली गाडी आपोआप चालू होऊन गरम होते. मी म्हटलं, गरम होते तर थंडही होईल. आमच्याकडे गरम करायचं काम सूर्य फुकट करतो. नानांनी सावलीत उभं राहून बटण दाबायचं, दहा मिनिटांत एसीने गाडी गार, मग आत बसायचं. डॉक्टर खूश, अक्का खूश.

जळगावात गाड्यांचं सामान बसवणारा एक फिटर शोधला. त्याने डॅशबोर्ड उघडला, वायरींचा घोस बाहेर काढला आणि माझ्याकडे दोन्ही चाब्या मागितल्या, कारण नव्या पेटीला दोन्ही ओळखू यायला हव्यात. मायच्या डब्यातली चाबी प्लास्टिकमधून निघाली ती अशी. मी ती घ्यायला गेलो तेव्हा मायने विचारलं की प्लास्टिक परत घालता येईल का.

फिटर म्हणाला, वेगळं रिमोट नको, कंपनीच्याच चाबीवर काम होईल. लॉकचं बटण लागोपाठ तीनदा दाबलं की इंजिन चालू. हे ऐकून माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. वाजली नाही. मी विचारलं, बाकी काही काळजी? तो म्हणाला, हातगिअरची गाडी आहे, क्लच न दाबता चालू व्हावी म्हणून त्याची तार मी जोडून टाकली आहे, त्यामुळे गाडी लावताना नेहमी न्यूट्रल आणि हँडब्रेक. एसीचा खटका चालू ठेवून उतरायचं. विसरायचं नाही. मी म्हटलं, आमचे नाना काहीच विसरत नाहीत. तेही खरंच होतं.

रविवारी गावात प्रयोग झाला. पिकप पारासमोर लावली, मी वीस पावलांवर ओट्यावर उभा राहिलो. गावातले रिकामे लोक जमले, आणि रविवारी गावात बाकीचेही रिकामेच असतात. मी बटण तीनदा दाबलं. इंजिन सुरू झालं, एसी सुरू झाला, आणि आत जे जे चालू राहिलं होतं ते सगळं सुरू झालं. वायपर कोरड्या काचेवर करकरायला लागले आणि पेनड्राइव्हवरचा लग्नाचा बँड जोरात वाजायला लागला. रिकाम्या गाडीतून वरात निघाली म्हणून म्हातारे हसत सुटले. मी घाईघाईने जाऊन दार उघडलं तर आतून गार हवेचा झोत आला. लोक एकेक करून डोकं आत घालून ती हवा घेऊन गेले. एक आबा दोनदा आले.

नाना मात्र लांब उभे होते. ते रोज सकाळी गाडीत बसले की आधी स्टिअरिंगला हात लावून हात कपाळाला लावतात, उदबत्ती ओवाळतात, मग चाबी फिरवतात. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "हात जोडाना पह्यले चालू व्हयनी, ती गाडी मनी नई."

हात जोडायच्या आधी चालू झालेली गाडी त्यांना आपली वाटेना. मला राग आला. इतकं डोकं लावून केलं आणि यांना उदबत्तीचं पडलंय. मी म्हटलं, बटण दाबण्याआधी लांबूनच हात जोडा, देवाला काही अंतराची अडचण नसते. मग नानांना शपथ घालून मी न्यूट्रल, हँडब्रेक आणि एसीचा खटका तिन्ही पाठ करून घेतली आणि सोमवारी सकाळी जळगावला परत आलो.

दुपारी कचेरीत फाइल चाळत होतो तर नानांचा फोन. शेतात गाडी लावून ते घरी चालत निघाले होते. आवाज अगदी शांत, पण दमलेला. "अरे, ही गाडी माले घर जाऊ देत नई. मी बंद करस, ती चालू व्हस."

झालं असं होतं की नानांनी गाडी लावली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, उतरले, आणि सवयीने बटण तीनदा दाबलं. गाडी चालू झाली. त्यांना वाटलं आपलंच काही चुकलं. परत गेले, बंद केली, उतरले, तीनदा दाबलं. परत चालू. असं सहा वेळा झालं. सहाव्या वेळी त्यांनी तिला समजावूनही पाहिलं म्हणे. शेजारच्या शेतात निंदायला आलेल्या बाया काम सोडून बांधावर बसल्या होत्या.

मी फोनवर सांगितलं, नाना, एकदाच दाबा. ते म्हणाले, एकदा दाबून लागलं की नाही हे कसं कळणार? मी म्हटलं, दिवे लागतात ना. ते म्हणाले, दिव्यांवर कसा विश्वास ठेवायचा. मी चिडून म्हटलं, मग कोणावर ठेवायचा. त्यावर फोन बंद झाला. संध्याकाळी मी फिटरला विचारलं की तीनाऐवजी पाच करता येतील का. तो म्हणाला, पेटीत तीनच आहेत, नानांचे चार करता येतील का बघा. मी दोन्हीकडून हरलो होतो.

त्या आठवड्यात नानांनी एकदाच दाबायचा सराव केला. माय सांगत होती, जेवताना ताटाच्या काठावर बोट ठेवून एकदा दाबत आणि लगेच हात मागे घेत. पण दरम्यान शेताच्या उतारावर न्यूट्रलला लावलेली पिकप हँडब्रेक ढिला असल्याने दोन हात मागे सरकली आणि त्यांचा न्यूट्रलवरचा विश्वास उडाला. गाडी गिअरमध्येच लावायची, हे ते ट्रॅक्टरच्या दिवसांपासून शिकलेले. न्यूट्रलला लावलेली गाडी त्यांना दावं सोडलेल्या म्हशीसारखी वाटायची.

पुढच्या रविवारी मी ओट्यावर चहा पीत होतो, तेवढ्यात ते आले. घरासमोर पिकप लावली, पहिल्या गिअरमध्ये. उतरले. चाबी हातात धरून एकदा दाबलं, थांबले, माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. घराकडे चार पावलं आले. तेवढ्यात शेजारच्या आबांनी हाक मारली, नाना वळून बोलायला लागले, आणि बोलता बोलता अंगठ्याने आपलं जुनं काम केलं. टिक, टिक, टिक.

पिकपने एक उडी मारली आणि चालायला लागली. जोरात नाही, बैलजोडी घरी येते तशी. आत कोणी नाही, एसी चालू, काचा बंद. नाना तिच्या बाजूने चालत काचेवर टकटक करत होते आणि तिला थांब म्हणत होते. चाबी त्यांच्याच हातात होती, पण ती वापरायची असते हे त्यांच्या, माझ्या आणि आबांच्या, कोणाच्याच लक्षात आलं नाही. मी चहाचा कप घेऊन मागे पळत होतो. वाटेतल्या कोंबड्या पांगल्या, एका घराची वाळत घातलेली सांडग्यांची चादर चाकाखाली गेली, आणि शेवटी पिकप गल्लीच्या टोकाच्या उकिरड्यावर चढली. पुढची दोन चाकं वर, दिवे आभाळाकडे. तिथे ती एकदा धडधडली आणि बंद पडली. नानांनी दाराची मूठ तीनदा ओढून पाहिली. लागलेलं होतं.

कोणाला काही लागलं नाही, एवढं देवाचं चांगलं. पण गल्लीतल्या एका सूनबाईंनी व्हिडिओ काढला होता आणि पिकप उकिरड्यावरून खाली यायच्या आत तो शिंदखेड्याला पोहोचला. अक्काने मला फोन केला. ओरडली नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. म्हणाली, आता गाडी एकटीही जायला लागली, ती विका आणि या वर्षी माझी वाट बघू नका. आखाजीला तीन दिवस राहिले होते. नाना समोरच बसले होते, त्यांना सगळं ऐकू आलं. ते उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मला माझ्या हुशारीची लाज वाटली. बापाची एक दिवसाची मुराळीगिरी वाचवायला गेलो आणि मीच ती बुडवली होती.

या सगळ्यात मायला कोणी काही विचारलं नव्हतं. पिकप घेतली तेव्हा विचारलं नव्हतं आणि आताही नाही. ती सांडग्यांच्या नुकसानीबद्दल शेजारणीची समजूत काढून आली, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर बसली.

"त्यासनी सवय आते जावाव नई," ती म्हणाली. "चाबी माले दे."

आधी मला वाटलं ती चाबी लपवून ठेवणार. तिने तसं काही केलं नाही. डब्यातली दुसरी चाबी आणली. मग नानांची चाबी घेतली, केसातल्या पिनेने तिचं झाकण उघडलं आणि आतला सेल काढून डब्यात टाकला. आता नानांच्या चाबीचं बटण कितीही वेळा दाबा, काही होणार नव्हतं. त्यांनी लोखंडी चाबी दारात फिरवून कुलूप लावायचं आणि हवं तितकं ओढून बघायचं. चालू करायचं बटण मायकडे. आणि ती दाबण्याआधी काचेतून गिअरचा दांडा मधोमध आहे का बघणार, आणि चाकाखाली दगड आहे का बघणार. दगड ही तिचीच भर. बैलगाडीला उतारावर लावायचे तसा. दगडाचं नाव काढल्यावर नाना गोठ्यातून बाहेर आले. न्यूट्रलवर नसला तरी दगडावर त्यांचा विश्वास होता.

मी चार व्हिडिओ बघून जे केलं ते मायने पिनेने दुरुस्त केलं. मी तसं तिला म्हटलंही. ती म्हणाली की पंचेचाळीस वर्षं ती त्या तीन ओढण्यांचा आवाज ऐकते आहे, तिसरा आवाज आला की भाकरी तव्यावर टाकते.

मग खरा प्रश्न माझ्या लक्षात आला. चाबीचं बटण मायकडे, म्हणजे नाना जातील तिथे माय जायला हवी. आणि आखाजीला लेक आणायला माय जात नसते. माय घरी पुरण शिजवत दाराकडे बघत असते. बावीस वर्षं तिने तेच केलं होतं. अक्काकडे ती बारशाला गेली होती, आजारपणात गेली होती, पण आखाजीची आणायला कधीच नाही. मी नानांकडे पाहिलं. ते दगड निवडत होते. पाच-सहा दगड उचलून वजन पाहिलं, एक गोल नसलेला निवडला, पिकपच्या मागच्या हौद्यात ठेवला आणि मायला म्हणाले की सकाळी लवकर निघू, धुळ्यात गर्दी असते.

दुसऱ्या दिवशी पहाटे माय जरीच्या काठाचं पातळ नेसून पुढच्या सीटवर बसली. सीटचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, ती दोनदा घसरली. नानांनी स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला. मायनेही चाबी कपाळाला लावली. नाना ते बघत राहिले आणि मग निघाले. मागे आखाजीची रजा काढलेला मी आणि माझी बायको उरलो, आणि पुरण. माझी बायको भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, तिने हातावर फिरवत वाढवायची खापरावरची पुरणपोळी खाल्ली होती, केली नव्हती. त्या दिवशी आम्ही दोघांनी ज्या पोळ्या केल्या त्यांना कोणताही नकाशा लागू पडत नव्हता. तीन मी स्वतःच्या हातावर पसरल्या आणि कोपरापर्यंत नेल्या.

पुढचं मला अक्काने सांगितलं. ती रुसूनच बसली होती. अकराच्या सुमारास दारात पिकपचा आवाज आला आणि तिने ठरवलं की बाहेर जायचं नाही. मग कुलूप तीनदा ओढल्याचा आवाज आला. मग चाकाखाली दगड सरकवल्याचा. मग ओट्यावर बांगड्या वाजल्या. आखाजीला तिच्या दारात बावीस वर्षांत तो आवाज कधी आला नव्हता, म्हणून ती पळत बाहेर आली.

चहापाणी झालं. अक्काच्या सासूबाई जुन्या वळणाच्या आहेत, त्यांनी नानांना विचारलं की आखाजीला विहीणबाई कशा काय आल्या, मुराळी तर तुम्ही ना. नानांनी मायकडे बोट केलं.

"यंदा मुराळी ती शे," ते म्हणाले. "मी नुसता डायवर."

दुपारी निघायची वेळ झाली तेव्हा ऊन रणरणत होतं. अक्काने पिशवी उचलली. मायने तिला हाताने थांबवलं. पिकपजवळ जाऊन काचेला दोन्ही हात लावून आत पाहिलं, वाकून दगड पाहिला, ओट्यावर परत आली, चाबी कपाळाला लावली आणि बटण तीनदा दाबलं. गल्लीत कोणी नसताना गाडी चालू झाली आणि सासूबाई दोन पावलं मागे सरकल्या. माय दहा मिनिटं ओट्यावर उभी राहिली, आणि तिच्या शेजारी, सावलीत, नानाही दहा मिनिटं उभे राहिले. मग माय म्हणाली, चला.

अक्काने मला गाडीतूनच फोन केला. मी कोपरापर्यंत पुरणाने माखलेला, बायकोने फोन कानाला धरला. मी विचारलं, गाडी विकायची का. तिकडून आधी नुसता एसीचा आवाज आला. मग अक्का म्हणाली, "माय उनी रे." माय आली, एवढंच. तिचा आवाज असा झालेला मी तिच्या लग्नानंतर ऐकला नव्हता. माझेही डोळे भरून आले आणि मी पुरणाच्या हाताने ते पुसले.

संध्याकाळी ते आले तेव्हा नाना घरासमोर उतरून हौद्यात शोधायला लागले. दगड नव्हता. निघण्याच्या गडबडीत तो शिंदखेड्याला दारातच राहिला होता. मी अक्काला म्हटलं, सासरी परत गेलीस की पाठवून दे. ती नाही म्हणाली. अजून तो दगड तिच्या दारात आहे. सासूबाईंना त्याची ठेच लागते, दूधवाला रोज कुरकुरतो, पण ती कोणाला हलवू देत नाही. म्हणते, पुढच्या आखाजीला माय आली की तिच्या गाडीला लागेल.